‘क्विट’ : वर्ध्याच्या ठरावामागील एका क्रियापदाचा मागोवा

इंग्रजीच्या प्राथमिक पुस्तकांत ‘क्विट’ या क्रियापदाचा अर्थ ‘सोडणे’ असा एका शब्दात दिलेला असतो. नोकरी सोडणे, जागा सोडणे, व्यसन सोडणे अशी उदाहरणे त्यापुढे येतात. ‘लीव्ह’, ‘विथड्रॉ’, ‘रिट्रीट’, ‘गेट आउट’ हे त्याचे समानार्थी शब्द म्हणून विद्यार्थी पाठ करतात आणि त्यांतील कोणताही शब्द कोठेही चालेल असे समजतात. परंतु 1942 साली आपल्या देशात या समानार्थी शब्दांची पारख करण्याची वेळ आली होती. त्या पारखीत काय टिकले आणि काय गळून पडले, हे पाहणे आजही उद्बोधक ठरावे.

‘क्विट इंडिया’ म्हटले की मुंबईचे गवालिया टँक मैदान आणि 8 ऑगस्टची रात्र आठवते. परंतु त्या रात्री मंजूर झालेल्या मागणीचा मसुदा पंचवीस दिवस आधीच विदर्भाच्या भूमीवर तयार झाला होता. गांधीजी 1936 पासून वर्ध्याजवळच्या सेगावी राहत होते. त्याच गावाला 1940 मध्ये सेवाग्राम हे नाव मिळाले. 1942 च्या फेब्रुवारीत सिंगापूर आणि मार्चमध्ये रंगून जपानच्या हाती पडले. एप्रिलमध्ये क्रिप्स यांची शिष्टाई फसली. युद्ध आपल्या सीमेला येऊन भिडले असताना जुलैमध्ये काँग्रेसची कार्यकारिणी वर्ध्याला बसली आणि 14 जुलै रोजी तिने आपला ठराव संमत केला. इतिहासात तो ‘वर्धा ठराव’ म्हणून ओळखला जातो.

भारतातील ब्रिटिश सत्ता तत्काळ संपली पाहिजे, ही या ठरावाची मागणी होती. ती मांडताना ठरावाने ‘विथड्रॉवल’, म्हणजे काढून घेणे, हा शब्द वापरला. काय काढून घ्यायचे? तर सत्ता. याचा अर्थ सर्व इंग्रजांनी देहाने देश सोडून जावे असा नाही, हे ठरावात स्पष्टपणे नमूद आहे. जे भारताला आपले घर मानून इतरांच्या बरोबरीने नागरिक म्हणून राहू इच्छितात, त्यांना तर तो मुळीच लागू नव्हता. इतकेच नव्हे, जपानी आक्रमण रोखण्यासाठी दोस्तराष्ट्रांच्या फौजा येथे राहिल्या तरी काँग्रेसची हरकत नव्हती. सत्ता आणि माणूस यांच्यामध्ये इतकी स्वच्छ रेघ ओढणारा राजकीय दस्तऐवज विरळाच म्हणावा लागेल.

पण ठराव हा ठराव असतो. तो लोकांच्या ओठांवर बसत नाही. त्यासाठी घोषणा हवी होती. शांतिकुमार मोरारजी यांनी नोंदवलेल्या आठवणीनुसार, गांधीजी या घोषणेविषयी सहकाऱ्यांशी विचारविनिमय करीत असता कोणीतरी ‘गेट आउट’ सुचवले. गांधीजींनी ते उद्धट म्हणून नाकारले. राजगोपालाचारींनी ‘रिट्रीट’ किंवा ‘विथड्रॉ’ हे शब्द पुढे केले. तेही पसंत पडले नाहीत. मग युसुफ मेहेरअली यांनी ‘क्विट इंडिया’ ही अक्षरे कोरलेले एक धनुष्य गांधीजींना भेट दिले. गांधीजी उद्गारले, ‘आमेन!’ प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी जो शब्द आपण उच्चारतो, त्याच शब्दाने या घोषणेवर संमतीची मोहोर उमटली. मेहेरअली त्या वर्षी मुंबईचे महापौर होते. 1928 च्या ‘सायमन गो बॅक’ या घोषणेचे जनकत्वही त्यांच्याकडेच जाते.

‘क्विट’ हा शब्द ‘गेट आउट’पेक्षा सौम्य का वाटावा? याचे उत्तर त्याच्या कुळात आहे. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला हा शब्द मुळात लॅटिन ‘क्विएतुस’पासून निघाला. शांत, विसावलेला, मोकळा हे त्याचे अर्थ. इंग्रजी ‘क्वाएट’ हा त्याचा सख्खा भाऊ, आणि मृतांसाठी अर्पण केल्या जाणाऱ्या ‘रेक्वियम’ मिस्साचे नावही त्याच घराण्यातले. कर्ज फेडून मोकळे होणे, दुसऱ्याला बंधनातून मुक्त करणे हा ‘क्विट’चा जुना अर्थ, जागा सोडून जाणे हा नंतरचा. निर्दोष ठरवून सोडणे या अर्थाचा ‘अक्विट’ हा शब्द न्यायालयांत आजही रूढ आहे. आपल्याकडे हिशेब चुकता झाल्यावर सावकाराकडून जी फारखत लिहून घेतली जाई, तिचा भाव ‘क्विट’च्या या जुन्या अर्थाच्या अगदी जवळचा आहे. फारखत झाली की कूळ सुटते, आणि वसुलीच्या चिंतेतून सावकारही सुटतो.

मराठीत मात्र ही घोषणा अधिक करून ‘चले जाव’ या रूपात रुजली. हे शब्द हिंदी वळणाचे. त्यांचे शुद्ध मराठी केले तर ‘चालते व्हा’ असे होईल. म्हणजे गांधीजींनी उद्धट म्हणून जो शब्द बाजूला सारला, त्याचाच भाव आपल्या भाषेत मागच्या दाराने शिरला. ‘छोडो भारत’ हे दुसरे रूप मूळ शब्दाला अधिक जवळचे आहे. कारण ‘छोडना’ काय किंवा आपले ‘सोडणे’ काय, दोहोंत निघून जाणे आहे आणि मोकळे करणेही आहे. आपण घर सोडतो, तसे पिंजऱ्यातले पाखरूही सोडतो. बायबल सोसायटीच्या मराठी भाषांतरात प्रभूच्या प्रार्थनेत ‘ऋण’ या शब्दाला हेच क्रियापद जोडलेले आहे, हे वाचकांना आठवेल.

हा भेद केवळ कोशकारांच्या कामाचा नव्हे. ठरावाचा खरा आशय व्हाइसरॉयला समजावून सांगण्यासाठी मीराबेन यांना दिल्लीला धाडण्यात आले. जन्माने इंग्रज असलेली, पण हा देश आपला मानणारी ती स्त्री. लिनलिथगो यांनी त्यांना भेट नाकारली. 9 ऑगस्टच्या पहाटे नेत्यांना अटक झाली आणि शब्दांचा अर्थ सांगणारे कोणी बाहेर उरले नाही. 16 ऑगस्टला वर्धा जिल्ह्यातीलच आष्टी येथे पोलीस ठाण्यावर गेलेल्या जमावावर गोळीबार झाला. आंदोलकांनी प्राण दिले, आणि पोलिसांचेही प्राण गेले. आष्टीच्या हुतात्म्यांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. तरीही ज्या जिल्ह्यात सत्ता आणि माणूस यांच्यात भेद करणारा ठराव लिहिला गेला, त्याच जिल्ह्यात महिनाभरात तो भेद रक्तात बुडाला, ही वेदना उरतेच.

आम्हां ख्रिस्ती लोकांना हा ठराव पुन्हा वाचण्याचे आणखी एक कारण आहे. ‘तुमचा धर्म परक्यांचा, तुम्हीही त्यांच्याबरोबर जायला हवे होते,’ असा टोमणा आपल्यापैकी अनेकांच्या कानी पडलेला असतो. त्याला रागाने उत्तर देण्याची गरज नाही. वर्धा ठराव पुढे ठेवावा. त्याच वर्ध्यात मगनवाडीला ग्रामोद्योग संघाचा संसार चालवणारे जे. सी. कुमारप्पा श्रद्धावान ख्रिस्ती होते. 1942 च्या लढ्यापायी त्यांनी जबलपूरचा तुरुंग भोगला आणि तेथेच येशूच्या शिकवणुकीवर ग्रंथ लिहिला. त्याही मागे जायचे तर, 1579 मध्ये गोव्यात उतरलेले फादर थॉमस स्टीफन्स इंग्रजच होते. त्यांनी सत्ता मागितली नाही, भाषा मागितली. ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि 1619 मध्ये याच भूमीत देह ठेवला. वर्ध्याच्या ठरावाने ज्यांना राहू दिले असते, अशांपैकी ते पहिले म्हणावेत.

15 ऑगस्ट 1947 रोजी सत्ता गेली. हिशेब चुकता झाला, फारखत झाली. मीराबेन त्यानंतरही 1959 पर्यंत येथेच राहिल्या. सोडायची असते ती दुसऱ्यावरची हुकमत, शेजार नव्हे. त्या क्रियापदाचा हा अर्थ राष्ट्रांना जसा लागू आहे, तसाच आपल्या धर्मग्रामांना आणि घरांनाही लागू आहे, असे आम्हांस वाटते.