वस्तुनिष्ठ सत्य आणि स्वतंत्र विचार : वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या साधनांचा विचार

प्रस्तावना

इतिहासातील सत्य हे वस्तुनिष्ठ असते की पाहणाऱ्याच्या दृष्टीप्रमाणे बदलते, हा इतिहासलेखनशास्त्रातील मूलभूत प्रश्न आहे. ई. एच. कार यांनी १९६१ मधील व्याख्यानांत या प्रश्नाची जी चर्चा केली, तिचा उल्लेख महाविद्यालयीन अध्यापनात नेहमी होतो. तथापि हा प्रश्न तात्त्विक पातळीवर सोडविण्यापेक्षा एखाद्या घटनेच्या आधारे तपासणे अधिक उपयुक्त ठरते. पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी जन्मलेले वासुदेव बळवंत फडके यांचे १८७९ चे बंड हे असे एक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या बंडाच्या साधनांच्या आधारे सत्यशोधन आणि स्वतंत्र विचार यांचा संबंध पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

एक घटना, तीन दृष्टी

पुण्यातील लष्करी हिशेब खात्यात नोकरीस असलेल्या फडके यांच्यावर न्यायमूर्ती रानडे यांच्या व्याख्यानांचा आणि १८७६-७८ च्या दुष्काळाचा खोल परिणाम झाला. रामोशी समाजातील तरुणांना बरोबर घेऊन त्यांनी फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूरजवळील धामारी गावावर पहिला छापा घातला. मे १८७९ मध्ये दौलतराव नाईक यांच्या टोळीने पनवेलजवळील पळस्पे गाव लुटले. परतीच्या वाटेवर मेजर डॅनियलच्या तुकडीशी झालेल्या चकमकीत दौलतराव मारले गेले.

या घटनेकडे सरकारने दरोडा म्हणून पाहिले, तर पुढील पिढ्यांनी स्वातंत्र्ययुद्धाचा आरंभ म्हणून. ज्यांची घरे लुटली गेली, त्यांच्या वाट्याला केवळ भय आणि नुकसान आले. यावरून प्रत्येकाचे सत्य वेगळे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु तो तर्कास धरून नाही. पळस्प्यावर छापा पडला, तो अमुक काळी पडला आणि त्यात लूट झाली, याविषयी तिन्ही पक्षांत मतभेद नाही. मतभेद आहे तो त्या कृत्यास द्यावयाच्या नावाविषयी. तथ्य आणि अर्थनिर्णय यांतील हा भेद ध्यानी न घेतल्यास, अर्थाविषयीच्या मतभेदामुळे तथ्यही अनिश्चित वाटू लागते.

अफवा आणि पुरावा

१३ मे १८७९ च्या रात्री पुण्यातील बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांना आग लागली. पळस्प्याच्या घटनेस काही दिवसच झाले असल्याने हे काम फडके यांच्या माणसांचे असावे, असा संशय घेतला गेला. पुण्यातील सुशिक्षित वर्गावरही संशयाची छाया पडली. त्याच काळात रानडे यांची बदली धुळ्यास झाली. बंडवाल्यांच्या नावाने त्यांना पत्रे येत आणि ते ती पोलिसांकडे पाठवीत, असे रमाबाई रानडे यांच्या १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींवरून समजते. पुढे आग लावल्याबद्दल दोषी ठरला तो सरकारी पुस्तकभांडारातील एक कर्मचारी. फडके यांच्या बंडाशी त्याचा संबंध नव्हता. दोन घटना लागोपाठ घडल्या एवढ्यावरून त्यांच्यात कार्यकारणभाव मानणे किती धोक्याचे असते, हे यावरून स्पष्ट होते. सत्तेजवळ माहितीची साधने विपुल असली तरी तिचा निष्कर्ष बरोबरच असतो असे नाही.

आत्मवृत्ताची साक्ष

श्रीशैल मल्लिकार्जुन येथे असताना फडके यांनी आपले आत्मवृत्त लिहिले. २० जुलै १८७९ च्या रात्री त्यांना पकडल्यानंतर ते व त्यांची दैनंदिनी सरकारच्या हाती पडली आणि खटल्यात पुरावा म्हणून वापरली गेली. मुंबई सरकारने १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्यलढ्याच्या साधनग्रंथाच्या पहिल्या खंडामुळे या बंडाची सरकारी कागदपत्रे अभ्यासकांस सुलभ झाली.

या साधनाचे मूल्य ठरविताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली, ते इंग्रजी भाषांतरातून सर्वपरिचित झाले असल्याने मूळ शब्दांची छटा बदललेली असू शकते. दुसरी, आपल्या साथीदारांना राज्यक्रांतीपेक्षा लुटीची ओढ अधिक आहे, ही निराशा फडके यांनी त्यात मोकळेपणाने नोंदविली आहे. लेखकाच्या स्वतःच्या प्रतिमेस बाध आणणारे असे विधान साधनाची विश्वसनीयता वाढविते. मात्र रामोशी सहकाऱ्यांची स्वतःची लेखी बाजू येथे उपलब्ध नाही. म्हणून त्यांच्याविषयीचा हा अभिप्राय अंतिम निर्णय म्हणून स्वीकारता येत नाही.

स्वतंत्र विचाराचा अर्थ

१८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध करताना वि. का. राजवाडे यांनी अस्सल कागदपत्रांचा आग्रह धरला. त्याचे मर्म असे की, मत कोणाचे आहे यापेक्षा ते कशावर आधारलेले आहे हे महत्त्वाचे. स्वतंत्र विचार म्हणजे प्रचलित मताच्या विरुद्ध जाणे नव्हे. सरकारी अहवाल परकीयांचा म्हणून त्याज्य आणि आत्मवृत्त देशभक्ताचे म्हणून निर्विवाद, अशी विभागणी करणे म्हणजे एका प्रामाण्याच्या जागी दुसरे प्रामाण्य बसविणे होय. दोन्ही साधनांना एकच कसोटी लावणे, हाच खरा स्वतंत्र विचार.

समारोप

१७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या कारागृहात फडके यांचे निधन झाले. शिरढोण येथील त्यांचा वाडा आणि पळस्पे ही दोन्ही ठिकाणे पनवेलच्या महाविद्यालयांपासून काही किलोमीटरवर आहेत. पहिल्या ठिकाणी विद्यार्थ्यांना अभिवादनासाठी नेले जाते. दुसऱ्या ठिकाणची लूट त्यांना सांगितलीच पाहिजे. ती सांगितल्याने फडके यांचा त्याग उणा होत नाही. उलट सशस्त्र मार्गाची किंमत कोणी मोजली, हे समजते. वस्तुनिष्ठ सत्य हे संपूर्णपणे हाती येत नसले तरी पुराव्याच्या आधारे त्याच्या अधिकाधिक जवळ जाता येते. विद्यार्थ्याच्या हाती निष्कर्ष देण्यापेक्षा साधन आणि कसोटी देणे, हेच इतिहासाच्या अध्यापनाचे प्रयोजन ठरते.