अभिव्यक्तिस्वातंत्र्याविषयीचे लोकमत (महाराष्ट्र)

बोलणे, लिहिणे, नाटक वा चित्र यांतून मत मांडण्याच्या हक्काबद्दल वेगवेगळ्या राजकीय विचारांचे लोक काय मानतात आणि प्रत्यक्ष प्रसंगी कसे वागतात, हा या नोंदीचा विषय आहे. तत्त्व म्हणून या हक्काला बहुतेक सगळे मान डोलावतात. प्रश्न एखाद्या विशिष्ट माणसाचा, पुस्तकाचा किंवा नाटकाचा निघाला की होकार पातळ होत जातो. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ सॅम्युएल स्टाउफर यांनी १९५४ साली पाहणी करताना नेमके प्रश्न विचारले : कम्युनिस्टाला तुमच्या गावात भाषण करू द्यावे का, धर्माविरुद्ध लिहिलेले पुस्तक ग्रंथालयात राहू द्यावे का. नकार देणारे पुष्कळ निघाले. पुढे जॉन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी रीत वापरली. प्रत्येकाला आधी त्याचा सर्वांत नावडता गट निवडायला सांगितला आणि मग त्या गटाच्या हक्कांविषयी विचारले. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातून दिसले की असहिष्णुता एकाच बाजूची मक्तेदारी नसते. ज्याचा त्याचा नावडता गट तेवढा निराळा असतो. महाराष्ट्रातले गेल्या सव्वाशे वर्षांतले वाद वाचताना हे निरीक्षण पावलोपावली आठवते.

स्वतंत्र भारतातील या हक्काविषयीचे पहिले दोन महत्त्वाचे निकाल एकाच दिवशी, २६ मे १९५० रोजी लागले. एक ‘क्रॉस रोड्स’ या मुंबईहून निघणाऱ्या डाव्या साप्ताहिकाचा होता. रोमेश थापर यांच्या या पत्राला मद्रास सरकारने प्रांतात येण्यास बंदी केली होती. दुसरा दिल्लीच्या ‘ऑर्गनायझर’ या संघविचाराच्या साप्ताहिकाचा. त्याने मजकूर छापण्यापूर्वी सरकारकडून तपासून घ्यावा, असा हुकूम निघाला होता. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही हुकूम रद्द केले. डावे आणि उजवे त्या दिवशी राज्यघटनेच्या एकाच कलमाच्या, १९(१)(अ)च्या, आधाराने जिंकले. वर्षभरात नेहरू सरकारने पहिली घटनादुरुस्ती आणून १९(२) मध्ये सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्री आणि गुन्ह्यास चिथावणी ही कारणे घातली, सोबत निर्बंध ‘वाजवी’ असावेत ही अटही घातली. कायदामंत्री डॉ. आंबेडकर दुरुस्तीच्या बाजूने बोलले. श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी तिला कडाडून विरोध केला. त्या चर्चेतल्या बाजू आजच्या वाचकाला उलट्या वाटतात. कोण सत्तेत आहे आणि कोण बाहेर, हे पाहिले की त्यांचा उलगडा होतो.

मराठी समाजात या हक्काची आठवण मुख्यतः लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यांशी जोडलेली आहे. १८९७ मध्ये अठरा महिन्यांची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसरी त्यांनी मंडालेत भोगली. शाळेतल्या प्रत्येक मुलाला हे ठाऊक असते. त्याच पुण्यात सनातन्यांनी गोपाळ गणेश आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली, हेही ठाऊक असते; पण ती गोष्ट सामाजिक सुधारणेच्या धड्यात येते, स्वातंत्र्याच्या नव्हे. या वाटणीने फार नुकसान केले आहे. सरकारने केलेली मुस्कटदाबी ती गळचेपी आणि समाजाने केलेली मुस्कटदाबी तो ‘लोकांचा रोष’, अशी समजूत त्यातून रुजली.

या समजुतीच्या उलट जाणारे एक प्रकरण विशेष मोलाचे आहे. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य यांवर ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणारे र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. चित्पावन घराण्यातला नास्तिक संपादक आणि दलितांचा पुढारी यांना एकत्र आणणारे राजकीय गणित येथे नव्हते. ज्या विषयाचा उच्चारही सभ्य घरांत होत नसे, त्यावर लिहिण्याचा एका माणसाचा हक्क एवढेच कारण होते. मराठी सार्वजनिक जीवनात असे वकीलपत्र फार थोड्यांनी घेतले.

आणीबाणीत (१९७५-७७) संघाचे आणि समाजवादी पक्षाचे कार्यकर्ते येरवड्यात एकाच भिंतीआड होते. शिवसेनेने आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला होता. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या उपस्थितीत जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकासाठी सेन्सॉरविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असतानाच, जिंकले. या काळाने मराठी मध्यमवर्गाला सेन्सॉर या शब्दाचा तिटकारा शिकवला. तो तिटकारा नाटकाच्या मंडपापर्यंत मात्र पोचला नाही.

रंगभूमीवरचे वाद मराठी माणसाच्या खऱ्या धारणा सांगतात, कारण इथे तो तिकीट काढून येतो आणि तावातावाने भांडतो. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात आले. नाना फडणविसांची आणि ब्राह्मणांची बदनामी झाली, अशी ओरड उठली. एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबवले. कलावंतांनी थिएटर अकॅडमी काढून ते पुन्हा उभे केले. १९८० मध्ये त्याच्या परदेश दौऱ्याला शिवसेनेने विरोध केला. १९९८ मध्ये प्रदीप दळवी यांचे ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ आले तेव्हा बाजू फिरल्या. गांधींच्या खुन्याचे समर्थन रंगमंचावर नको, असे काँग्रेसजन आणि अनेक पुरोगामी म्हणू लागले आणि नाटकाचा कैवार घेणाऱ्यांना एकाएकी कलास्वातंत्र्य आठवले. प्रयोग थांबवले ते मात्र शिवसेना-भाजप युतीच्याच राज्य सरकारने. २००१ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी उठवली. ‘घाशीराम’ आणि ‘नथुराम’ या दोन्ही नाटकांचा प्रयोग करण्याचा हक्क मानणारे लोक होते, पण त्यांचा आवाज दोन्ही वेळा क्षीण होता.

पुस्तकांच्या बाबतीत लोकमताची खरी सीमारेषा दिसते. ती डाव्या-उजव्या विचारांपेक्षा श्रद्धास्थानांभोवती आखलेली असते. राज्य सरकारने १९८७ मध्ये आंबेडकरांच्या लेखनाचा ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हा खंड काढला. राम-कृष्णावरील परिशिष्ट काढावे यासाठी शिवसेना रस्त्यावर उतरली. सरकारने ते मागे घेण्याची तयारी दाखवताच मुंबईत आंबेडकरी जनतेचा प्रचंड मोर्चा निघाला. अखेर, या मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशी टीप जोडून परिशिष्ट राहिले. पंचवीस वर्षांनी, मे २०१२ मध्ये, शंकर यांचे १९४९ चे आंबेडकरांवरील व्यंगचित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातून काढावे म्हणून लोकसभेत सर्व पक्ष एक झाले. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयावर हल्ला झाला. संसदेतली ती एकजूट या नोंदीतला सर्वांत खेदजनक प्रसंग आहे. विरोधात उभे राहायला तिथे जवळजवळ कोणी उरलेच नाही.

जेम्स लेन यांच्या २००३ मधील शिवचरित्रविषयक पुस्तकावरून दोन्ही टोके हल्ल्यावर उतरली. डिसेंबर २००३ मध्ये शिवसैनिकांनी संस्कृत पंडित श्रीकांत बहुलकर यांच्या तोंडाला काळे फासले; लेखकाने ऋणनिर्देशात त्यांचे नाव घेतले होते, एवढाच त्यांचा दोष. ५ जानेवारी २००४ रोजी, सेनेच्या विरुद्ध वैचारिक गोटातल्या संभाजी ब्रिगेडने भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला केला. महाभारताची चिकित्सक आवृत्ती जिथे सिद्ध झाली, तिथली कपाटे फोडली गेली. काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने पुस्तकावर बंदी घातली. उच्च न्यायालयाने ती २००७ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निकाल कायम ठेवला. निकालाचा आनंद उघडपणे व्यक्त करण्याची हिंमत एकाही मोठ्या पक्षाने केली नाही.

न्यायालयेही नेहमी पुढे राहिली असे नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची गांधींवरील कविता १९९४ मध्ये एका बँक-कर्मचारी संघटनेच्या नियतकालिकात छापली गेली. तक्रार पतित पावन संघटनेच्या कार्यकर्त्याची होती. म्हणजे गांधींच्या प्रतिष्ठेचा कैवार घेऊन फिर्याद करणारा हिंदुत्ववादी होता. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संपादक-प्रकाशकांना मोकळे केले, कवीला मात्र खटल्याला सामोरे जाण्यास सांगितले; ऐतिहासिक आदरणीय व्यक्तींच्या तोंडी अश्लील भाषा घातल्यास कसोटी अधिक कडक राहील, असे म्हटले.

पोलिसी कारवाईबाबत सरकारांचे रंग मोजण्यात अर्थ नाही. २०१२ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या राज्यात व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना राजद्रोहाखाली अटक झाली आणि बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना कोठडी पाहावी लागली. या दुसऱ्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द झाले. महाविकास आघाडीच्या काळात, २०२२ मध्ये, शरद पवारांविषयीच्या पोस्टसाठी एका अभिनेत्रीने महिन्याहून अधिक काळ तुरुंगात काढला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात शिंदे-फडणवीस सरकारने कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार रद्द केला. २०२५ मध्ये विनोदवीर कुणाल कामरा यांच्या गाण्यावरून शिंदे सेनेच्या कार्यकर्त्यांनी मुंबईतल्या खार येथील रंगमंचाची मोडतोड केली. नरेंद्र दाभोलकर (२०१३) आणि गोविंद पानसरे (२०१५) यांच्या खुनांनंतर अशा प्रसंगांना किरकोळ म्हणणे अवघड झाले आहे.

लोकमताची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. २०१९ च्या यवतमाळ साहित्य संमेलनाचे नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले. आपल्या मामेबहिणीने लादलेल्या आणीबाणीला सहगल यांनी विरोध केला होता. निमंत्रण मागे घेतल्याच्या निषेधार्थ यवतमाळच्या मंडपात काही स्त्रिया सहगल यांचे मुखवटे घालून बसल्या. कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या पुरस्काराच्या प्रकरणातही काही लेखकांनी आपले पुरस्कार परत केले आणि काहींनी सरकारी समित्यांचे राजीनामे दिले.

महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. अमोल पालेकर यांनी या पूर्वतपासणीला २०१६ मध्ये उच्च न्यायालयात आव्हान दिले. काँग्रेस, राष्ट्रवादी, शिवसेना, भाजप यांपैकी प्रत्येक पक्ष मंत्रालयात बसून गेला आहे. मंडळ बरखास्त करणारा ठराव त्यांपैकी एकानेही मंजूर करून घेतला नाही, आणि तो करावा म्हणून मोठा मोर्चाही मराठी माणसाने कधी काढला नाही.