हरमल परिसरातील लैंगिक गुन्हे : पोलीस नोंद आणि न्यायनिवाडे

हरमल हे उत्तर गोव्यातील पेडणे तालुक्यातले किनारी पर्यटनगाव. येथील फिर्यादी पूर्वी पेडणे पोलीस स्थानकात जात. मांद्रे पोलीस स्थानक सुरू झाल्यापासून त्या तेथे नोंदल्या जातात. पेडण्याला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे न्यायालय आहे, पण बलात्काराचा खटला सत्र न्यायालयातच चालतो. त्यामुळे फिर्यादीला आणि साक्षीदारांना तालुक्याबाहेर खेटे घालावे लागतात.

पीडित अल्पवयीन असल्यास गोवा बाल कायदा (2003) आणि पोक्सो (2012) लागू होतात. केंद्राच्या आधी नऊ वर्षे गोव्याने असा कायदा केला, त्यामागे मडगावच्या फ्रेडी पीट्स प्रकरणाची पार्श्वभूमी होती. अनाथाश्रम चालवणाऱ्या या इसमाला मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल 1991 मध्ये अटक झाली आणि 1996 मध्ये जन्मठेप. बाल कायद्याखालील स्वतंत्र बाल न्यायालय पणजीत बसते.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या 173 व्या कलमाप्रमाणे हद्द कोणतीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो. हरमलच्या शॅकवर (किनाऱ्यावरील हंगामी उपाहारगृहात) कामाला असलेली सावंतवाडीची मुलगी घरी परतून तिथल्या ठाण्यात गेली, तरी ‘झिरो’ क्रमांकाने नोंद करून कागद गोव्याला पाठवणे तेथील पोलिसांना भाग आहे. माहिती मिळाल्यापासून 24 तासांत पीडितेला वैद्यकीय तपासणीस पाठवायचे, डॉक्टरांनी सात दिवसांत अहवाल द्यायचा, तपास दोन महिन्यांत संपवायचा आणि आरोपपत्रानंतर दोन महिन्यांत खटला उरकायचा, अशा मुदती आहेत. शेवटची मुदत बहुधा कागदावरच राहते.

किनाऱ्यावरचा पुरावा मुळात नाशिवंत. भरती आली की घटनास्थळ धुऊन जाते, म्हणून पंचनामा त्याआधी झाला तर झाला. खाऱ्या पाण्यात भिजलेले कपडे सुकवून कागदी पाकिटात बांधावे लागतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते कुजतात आणि प्रयोगशाळेच्या हाती काही लागत नाही. पंच म्हणून सही करणारा बहुतेकदा शॅकचा कामगार असतो. मे अखेरीस शॅक मोडले की तो गावी जातो, आणि चार वर्षांनी समन्स निघते तेव्हा त्याचा पत्ताच सापडत नाही. परदेशी फिर्यादीचा व्हिसा संपतो तो वेगळाच. दूरस्थ साक्षीला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकार विरुद्ध प्रफुल्ल देसाई या खटल्यात 2003 मध्येच मान्यता दिली आहे. तरी साक्षीदाराची इच्छा लागतेच.

खुद्द हरमलची दोन प्रकरणे देशभर गाजली. जानेवारी 2010 मध्ये एका रशियन बालिकेवर किनाऱ्यावर अत्याचार झाला. जून 2022 मध्ये गोड्या पाण्याच्या तळ्याजवळ, मसाज करून देतो असे सांगून एका ब्रिटिश महिलेवर बलात्कार केल्याची फिर्याद आली. ती काही दिवसांनी आली, पण त्यानंतर संशयिताला पोलिसांनी लगेच पकडले. अटकेची बातमी पहिल्या पानावर येते. पुढच्या तारखांना वार्ताहर फिरकत नाही.

शेवटपर्यंत पाठपुरावा झालेले प्रकरण हणजूणचे. 18 फेब्रुवारी 2008 रोजी पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृतदेह किनाऱ्यावर सापडला आणि पोलिसांनी बुडून मृत्यू म्हणून हात झटकले. आईने हट्ट धरला म्हणून दुसरी शवचिकित्सा झाली, तीत पन्नासच्या आसपास जखमा निघाल्या. तपास सीबीआयकडे गेला. एका महत्त्वाच्या परदेशी साक्षीदाराने साक्षीला येण्याचे नाकारले. बाल न्यायालयाने सप्टेंबर 2016 मध्ये दोन्ही आरोपींना सोडले. जुलै 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यांपैकी एकाला दहा वर्षे सक्तमजुरी दिली. म्हणजे अकरा वर्षे, आणि तीही एक आई हटली नाही म्हणून. निकालापर्यंत पोहोचलेल्या काणकोणच्या मार्च 2017 मधील बलात्कार व खून प्रकरणात मडगावच्या न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये जन्मठेप सुनावली.

बांबोळीच्या हॉटेलातील नोव्हेंबर 2013 च्या बलात्काराच्या आरोपाच्या प्रकरणात पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवला होता. म्हापशाच्या अतिरिक्त सत्र न्यायालयाने 21 मे 2021 रोजी पत्रकार तरुण तेजपाल यांना निर्दोष ठरवले. सीसीटीव्ही चित्रण जपण्यातील त्रुटींवर न्यायालयाने बोट ठेवले. मात्र निकालपत्रात तक्रारदार महिलेच्याच वागणुकीची झाडाझडती झाली, अशी टीका झाली. तिची ओळख पटवणारे तपशील काढण्याचा आदेश उच्च न्यायालयाला द्यावा लागला. राज्य सरकारने निकालाविरुद्ध अपील केले.

देशपातळीवर राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने 2022 मध्ये बलात्काराचे 31,516 गुन्हे दाखवले; दोषसिद्धीचे प्रमाण 27 टक्क्यांच्या आसपास होते. त्याच विभागाच्या आकड्यांनुसार दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो: नातलग, शेजारी, मालक, लग्नाचे वचन देणारा. इथल्या वृत्तपत्रांत अशी प्रकरणे ‘पेडणे तालुक्यातील एका गावात’ अशा मोघम उल्लेखाने चार ओळींत येतात. पीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेच्या 72 व्या कलमाने मनाई असल्याने तो मोघमपणा योग्यच. निकालाची बातमी न देण्याला मात्र असे कोणतेही कलम नाही.