पारसिकचा काळा दगड

नवी मुंबईच्या पाठीशी उभी असलेली पारसिकची डोंगररांग दख्खनच्या बेसाल्टची आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड आजच्या रियुनियन बेटाखालच्या तप्त स्थानावरून उत्तरेकडे सरकत होता. तेव्हा भेगांतून उसळलेला लाव्हा थरांवर थर पसरत गेला. सह्याद्रीत हे थर जवळपास आडवे आहेत, पनवेलजवळ मात्र ते वाकून समुद्राकडे कलतात. याच दख्खनी दगडात सहाव्या शतकात घारापुरीची लेणी कोरली गेली. पुढे खाणींनी पारसिक पोखरला आणि विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली.