हवाना सिगार

हवाना सिगार (स्पॅनिशमध्ये 'आबानो') म्हणजे क्यूबात पिकलेल्या तंबाखूपासून त्याच देशात तयार केलेला आणि संरक्षित मूळनामाने विकला जाणारा सिगार होय. उत्तम प्रतीचा हवाना सिगार पूर्णपणे हाताने वळलेला असतो व त्याच्या आत तंबाखूची लांब, अखंड पाने असतात. निरनिराळ्या सिगारांची चव पारखणे, त्यांची तुलना करणे व ते वर्षानुवर्षे मुरवत ठेवणे हा अनेक देशांत छंद झाला आहे. मराठीत सिगारला सर्रास 'चिरूट' म्हणतात. हा शब्द गुंडाळी या अर्थाच्या तमिळ 'सुरुट्टु' या शब्दावरून आला. मात्र काटेकोरपणे पाहता चिरूट दोन्ही टोकांना उघडा असतो, तर हवाना सिगारचे ओठांकडील टोक पानाच्या टोपीने बंद केलेले असते.

इतिहास

१४९२ साली कोलंबसच्या सहकाऱ्यांनी क्यूबातील ताइनो लोकांना तंबाखूच्या गुंडाळ्या ओढताना पाहिले. १७१७ मध्ये स्पेनच्या राजसत्तेने या व्यापाराची मक्तेदारी स्वतःकडे घेतली. त्याविरुद्ध तंबाखू उत्पादकांनी उठाव केले, पण ते मोडून काढण्यात आले. मक्तेदारी १८१७ मध्ये संपली आणि पुढील काही दशकांत हवाना शहरात एच. उपमन (१८४४), पार्तागास (१८४५) यांसारखे प्रसिद्ध कारखाने उभे राहिले.

पीक आणि बांधणी

सर्वोत्तम पाने पिनार देल रिओ प्रांतातील व्हुएल्ता आबाहो या पट्ट्यात, विशेषतः सान लुईस व सान हुआन इ मार्तिनेस या गावांच्या परिसरात पिकतात. सिगारच्या बाहेरचे पान तलम व निर्दोष लागते. त्यामुळे त्याची रोपे पातळ कापडाच्या मांडवाखाली वाढवतात. आत भरायची पाने उघड्या उन्हात वाढतात. झाडाच्या खालच्या भागातील 'व्होलादो' पान नीट जळते, मधले 'सेको' सुगंध देते आणि शेंड्याकडील 'लिहेरो' कडकपणा देते. या तिन्हींचे प्रमाण म्हणजेच त्या सिगारचे मिश्रण. पाने खोपटात वाळवून नंतर रचून आंबवली जातात. या काळात त्यांतील अमोनिया निघून जातो.

हे पीक नाजूक आहे. १९७९-८० च्या सुमारास निळ्या बुरशीच्या रोगाने क्यूबातील बहुतेक तंबाखू नष्ट केला. सप्टेंबर २०२२ मध्ये 'इयान' चक्रीवादळाने याच प्रांतातील हजारो वाळवणीची खोपटे भुईसपाट केली.

कारखान्यातील वाचक

सिगार वळण्याचे काम शांत, बैठे व एकसुरी असते. १८६५ साली हवानातील 'एल फिगारो' कारखान्यात कामगारांना मोठ्याने वाचून दाखवण्याची प्रथा सुरू झाली. वाचकाचे वेतन कामगार आपल्या कमाईतून देत आणि काय वाचावे हेही तेच ठरवत. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी असा साधारण क्रम असे. अशिक्षित कामगारांनाही त्यामुळे जगातील घडामोडी व साहित्य कानावर पडू लागले. ते धोकादायक वाटून वसाहतीच्या सरकारने पुढच्याच वर्षी वाचनावर बंदी घातली. परंतु प्रथा टिकली व स्थलांतरित कामगारांबरोबर फ्लोरिडातील टँपा येथेही गेली. १८९१ मध्ये होसे मार्ती यांनी क्यूबाच्या स्वातंत्र्यासाठी तेथील सिगार कामगारांपुढे भाषणे केली, तेव्हा त्यांना जाणता श्रोतृवर्ग लाभला तो याच संस्कारातून. टँपातील मालकांनी १९३१ मध्ये वाचकांना काढून टाकले आणि त्यांच्या जागी रेडिओ आला. क्यूबात वाचक आजही आहेत. ड्यूमाच्या कादंबरीवरून नाव घेतलेला 'माँतेक्रिस्तो' (१९३५) हा छाप या वाचनाची आठवण मानला जातो.

आस्वाद व तुलना

सिगारचा आकार लांबी व जाडी यांनी सांगतात. जाडीचे एकक इंचाचा चौसष्टावा भाग हे आहे. 'रोबुस्तो' १२४ मिलिमीटर लांब व ५० एकक जाड असतो, तर 'चर्चिल' १७८ मिलिमीटर लांब व ४७ एकक जाड असतो. सडपातळ सिगारमध्ये बाहेरच्या पानाची चव अधिक जाणवते. म्हणून दोन छापांची तुलना करताना आकार एकच घेणे न्याय्य ठरते. छापाच्या नावाने मत कलुषित होऊ नये यासाठी कागदी पट्टी काढून किंवा झाकून पारख करतात. अनेकांची ठाम मते या साध्या उपायाने डळमळतात.

पारखीची सुरुवात पेटवण्यापूर्वीच होते. बोटांनी दाबून भरणी सारखी आहे का ते पाहतात, टोपी कापल्यावर कोरडा झुरका घेऊन हवा मोकळी येते का ते तपासतात. धूर फुप्फुसात न घेता तोंडात घोळवतात. साधारण मिनिटाला एक झुरका पुरेसा असतो. घाई केल्यास सिगार तापतो व कडवट लागतो. पहिला, मधला व शेवटचा तृतीयांश यांची स्वतंत्र नोंद ठेवतात. कोको, लाकूड, मध, कातडे अशी उपमांची भाषा या नोंदींत आढळते, ती मात्र पुष्कळशी व्यक्तिसापेक्ष असते. गडद पान म्हणजे कडक सिगार हा समज चुकीचा आहे. कडकपणा मुख्यतः आतील भरणीवर ठरतो. हाताने केलेल्या वस्तूत फरक राहणारच, त्यामुळे एकाच सिगारवरून छापाचा निकाल देणे अनाठायी होय.

साठवणीसाठी सीडर लाकडाची पेटी वापरतात. आर्द्रता साधारण ६५ ते ७० टक्के ठेवतात. उष्णता वाढल्यास तंबाखूतील किड्याची अंडी फुटून सिगारला भोके पडतात. मुंबईसारख्या दमट हवेत बुरशीचाही धोका असतो.

निर्बंध आणि नामसाम्य

१९६० मध्ये क्यूबाच्या क्रांतिकारी सरकारने कारखाने ताब्यात घेतले. अनेक मालक परागंदा झाले व आपल्या छापांची नावे सोबत घेऊन गेले. त्यामुळे 'माँतेक्रिस्तो', 'पार्तागास' इत्यादी नावांचे दोन वेगळे सिगार अस्तित्वात आहेत, एक क्यूबाचा व दुसरा बहुधा डोमिनिकन प्रजासत्ताकातील. फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकेने क्यूबाशी व्यापार बंद केला. त्याच्या आदल्या रात्री अध्यक्ष केनेडी यांनी आपल्यासाठी सुमारे १,००० सिगार जमवण्यास सांगितले आणि ते हाती आल्यावरच आदेशावर सही केली, असे त्यांचे प्रसिद्धी सचिव पियर सॅलिंजर यांनी पुढे लिहिले. दुर्मीळता व किंमत यांमुळे बनावट मालही मोठ्या प्रमाणात विकला जातो. खऱ्या पेटीवर सरकारी हमीमुद्रा व तळाशी उत्पादनाचा महिना दर्शवणारा शिक्का असतो.

आरोग्यावरील परिणाम

धूर आत न घेतल्यास सिगार निरुपद्रवी असतो, हा छांदिष्टांमधील सर्वांत घातक समज आहे. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्याने निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच शोषले जाते व व्यसन जडू शकते. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या संपूर्ण पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. नियमित सेवनाने तोंड, घसा, स्वरयंत्र व अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. शेजारी बसलेल्यांनाही हा धूर अपायकारक आहे. भारतात २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखाली सिगारही येतो. सार्वजनिक ठिकाणी तो ओढण्यास मनाई असून अठरा वर्षांखालील व्यक्तीला विकणे गुन्हा आहे.