डिजिटल डायरी : ग्राहकांचे प्रश्न आणि इतिहासाचे साधन

१

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत पत्ते, दूरध्वनी क्रमांक, भेटीच्या वेळा व किरकोळ टिपणे साठविण्यासाठी तळहातावर मावणारी यंत्रे वापरण्याचा प्रघात जगातील अनेक देशांत पडला. इंग्रजीत त्यांस प्रथम ऑर्गनायझर व पुढे पर्सनल डिजिटल असिस्टंट, संक्षेपाने पीडीए, असे म्हणत. आपल्याकडे डिजिटल डायरी हे नाव रूढ झाले व तेच येथे वापरले आहे. या यंत्रांचा स्वतंत्र असा काळ १९८४ ते २००७ हा धरावयास हरकत नाही. १९८४ मध्ये इंग्लंडमधील सायन कंपनीने आपले पहिले ऑर्गनायझर यंत्र विक्रीस आणले. २००७ मध्ये आयफोन बाजारात आला व त्यानंतर अल्पावधीतच डायरीचे काम दूरध्वनीयंत्रात सामावले गेले.

या तेवीस वर्षांची हकीकत बहुधा कंपन्यांच्या स्पर्धेची हकीकत म्हणून सांगितली जाते. प्रस्तुत निबंधात निराळा मार्ग स्वीकारला आहे. असे यंत्र घेऊ इच्छिणारा मनुष्य दुकानदारास जे प्रश्न विचारी आणि ज्यांची उत्तरे देण्यासाठी यंत्रासोबतच्या माहितीपुस्तिकांत पाने खर्ची पडत, त्या प्रश्नांच्या अनुरोधाने हा इतिहास पाहावयाचा आहे. असे प्रश्न प्रामुख्याने तीन होते. बॅटरी संपली तर नोंदी राहतात काय? यंत्रावर लिहावयाचे कसे? आणि त्यातील मजकूर दुसरीकडे नेता येतो काय? वरवर पाहता हे प्रश्न व्यावहारिक आहेत. तथापि, खाजगी नोंद कोठे राहते, कोणत्या लिपीत राहते आणि किती काळ राहते, हेच त्यांतून विचारले जात होते. इतिहासाच्या अभ्यासकास आपल्या साधनांविषयी हेच विचारावे लागते. म्हणूनच या प्रश्नांची उत्तरे आपल्याही उपयोगाची आहेत.

२

पहिला प्रश्न नोंदींच्या टिकाऊपणाचा. सायनच्या पहिल्या यंत्राच्या पडद्यावर सोळा अक्षरांची एकच ओळ दिसे. कळफलकही टंकलेखनयंत्राप्रमाणे नसून वर्णानुक्रमाने मांडलेला होता. मात्र नोंदी ठेवण्याची त्याची पद्धत लक्षणीय होती. यंत्राच्या पाठीमागे डेटापॅक नावाची लहानशी डबी बसविता येई. तिच्यात ईप्रॉम जातीची चकती असे. या चकतीवर लिहिलेले बॅटरी काढून टाकली तरी पुसले जात नसे. नोंद रद्द केली असता यंत्र तिच्यावर फक्त 'रद्द' अशी खूण करी. मूळ मजकूर चकतीवर तसाच राही व जागाही मोकळी होत नसे. सर्व जागा पुन्हा वापरावयाची तर डबी यंत्रातून काढून तिजवर अतिनील किरण सोडावे लागत. वापरणाऱ्यास ही पद्धत त्रासदायक होती यात शंका नाही.

पुढील पिढीच्या यंत्रांनी हा त्रास दूर केला, परंतु त्याची किंमत दुसऱ्या रीतीने वसूल केली. १९८७ मध्ये जपानच्या शार्प कंपनीने चित्राक्षरे दाखविणारे इलेक्ट्रॉनिक टिपणवहीचे यंत्र काढले. तिचीच विझार्ड ही यंत्रे १९८९ पासून अमेरिकेत विकली जाऊ लागली. कॅसिओ कंपनीच्या डायऱ्या भारतातही पुष्कळांच्या खिशात दिसू लागल्या. या यंत्रांतील स्मृती रॅम जातीची होती. तीत नोंद सहज घालता येई व सहज पुसता येई. परंतु वीजपुरवठा तुटला की सर्व काही नाहीसे होई. म्हणून मुख्य सेलखेरीज आणखी एक राखीव बटन सेल बसविलेला असे आणि दोन्ही सेल एकाच वेळी काढू नयेत अशी सूचना असे. महत्त्वाच्या मजकुराची वेगळी लेखी प्रत जवळ ठेवावी, असेही या कंपन्यांच्या माहितीपुस्तिका सांगत. ही सूचना इतिहासदृष्ट्या बोलकी आहे. वहीची जागा घेण्यासाठी विकलेले यंत्र, आपल्याजवळील मजकुराची हमी वहीनेच द्यावी, असे स्वतःच सांगत होते.

१९९६ च्या मार्च महिन्यात आलेल्या पामच्या पायलट यंत्रातही स्मृतीची जात तीच होती. दोन बारीक पेन्सिल सेलवर ते कित्येक आठवडे चाले. सेल बदलताना आतील मजकूर सुमारे एक मिनिट तग धरी; त्याहून अधिक विलंब झाल्यास तो नष्ट होण्याचा धोका असे. वीज गेली तरी नोंदी टिकवून धरणारी स्मृती पामने आपल्या यंत्रांत २००४ च्या अखेरीस आणली आणि मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीने २००५ मध्ये. सायनच्या डबीत वीस वर्षांपूर्वी गैरसोयीच्या का होईना पण पक्क्या स्वरूपात असलेला गुण, या यंत्रांचा काळ संपत आला तेव्हा, त्यांच्या ठायी परत आला. मधल्या काळातील ग्राहकांनी टिकाऊपणापेक्षा सोय पत्करली, असाच याचा अर्थ करावा लागतो.

३

दुसरा प्रश्न लेखनाचा. १९९२ च्या जानेवारीत लास व्हेगास येथील प्रदर्शनात ॲपल कंपनीचे प्रमुख जॉन स्कली यांनी पर्सनल डिजिटल असिस्टंट हा शब्द प्रचारात आणला, आणि १९९३ च्या ऑगस्टमध्ये न्यूटन मेसेजपॅड विक्रीस आले. मनुष्याने आपल्या नेहमीच्या हस्ताक्षरात पडद्यावर लिहावे व यंत्राने ते वाचावे, अशी त्यामागील कल्पना होती. यंत्र आपल्या शब्दकोशाशी ताडून संपूर्ण शब्द ओळखण्याचा प्रयत्न करी. त्यामुळे चूक झाली की एका अक्षराची चूक न होता भलताच शब्द उमटे. गॅरी ट्रूडो यांच्या डून्सबरी या व्यंगचित्रमालिकेत त्याच महिन्यात या दोषाची थट्टा झाली. १९९६ च्या सुधारित आवृत्तीत वाचन पुष्कळ सुधारले, तरी लोकमत बदलले नाही आणि १९९८ च्या फेब्रुवारीत ॲपलने हे यंत्र बंद केले.

पामचे संस्थापक जेफ हॉकिन्स यांनी हा प्रश्न उलट बाजूने सोडविला. यंत्राने सर्वांची अक्षरे शिकण्याऐवजी सर्वांनी यंत्राची अक्षरे शिकावी, हे त्यांचे सूत्र होते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्राफिटी नावाच्या लेखनपद्धतीत जवळजवळ प्रत्येक रोमन अक्षर लेखणी न उचलता एका फटकाऱ्यात काढावयाचे असे. थोड्या सरावाने ते साधे व चुका फार थोड्या होत.

मराठी वाचकास येथे मोडीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. शक्य तोवर लेखणी न उचलता लिहिता यावे, हे मोडीचेही वैशिष्ट्य. आणि दोन्ही ठिकाणी कारण एकच, ते म्हणजे लेखनाचा वेग. तथापि एक भेद महत्त्वाचा आहे. मोडीची वळणे कारकुनांच्या पिढ्यांच्या हातून घडली व ती कोणाच्या मालकीची नव्हती. ग्राफिटीच्या बाबतीत मालकीचा वाद न्यायालयापर्यंत गेला. झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रातील डेव्हिड गोल्डबर्ग यांनी अशाच एकफटकारी अक्षरांची योजना आधी केली होती व तिचे पेटंट १९९७ च्या जानेवारीत मिळाले. त्याच वर्षी झेरॉक्सने दावा दाखल केला. तो चालू असतानाच २००३ मध्ये पामने आपली मूळ पद्धत सोडून दुसरी स्वीकारली. ज्यांनी पहिली हातात बसविली होती त्यांस नवी शिकावी लागली. २००४ मध्ये न्यायालयाने ते पेटंट अवैध ठरविले, तरीही २००६ मध्ये २ कोटी २५ लाख डॉलर देऊन वाद मिटविण्यात आला. लिहिण्याचे वळण कायद्याच्या कारणाने एका वर्षात बदलावे, असे उदाहरण लिपीच्या इतिहासात विरळाच.

देवनागरीत लिहू इच्छिणाऱ्यास मात्र या सर्व सुधारणांचा लाभ झाला नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतपद्धती १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली होती आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. तरीही पामच्या मूळ यंत्रात देवनागरी नव्हती. त्यामुळे मराठी नावेगावे रोमन अक्षरांत लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते. हा प्रश्न भारतातच सोडविण्याचा प्रयत्न म्हणजे सिंप्यूटर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील स्वामी मनोहर, व्ही. विनय, विजय चंद्रू व रमेश हरिहरन हे अध्यापक आणि एन्कोअर सॉफ्टवेअर ही कंपनी यांच्या सहकार्याने त्याचा नमुना २००१ च्या एप्रिलमध्ये दाखविण्यात आला. भारतीय भाषांतील मजकूर दाखविणे व वाचून ऐकविणे ही त्याची उद्दिष्टे होती. एका गावातील अनेकांनी एकच यंत्र वापरावे व प्रत्येकाचा मजकूर त्याच्या स्वतंत्र स्मार्टकार्डात राहावा, अशीही योजना होती. सुमारे नऊ हजार रुपयांत ते मिळावे असा संकल्प होता. २००४ मध्ये ते विक्रीस आले. परंतु अपेक्षित खप झाला नाही. नोंद यंत्रापासून अलग करून तिच्या धन्याच्या हाती देण्याचा हा विचार मात्र दखल घेण्याजोगा आहे.

४

तिसरा प्रश्न मजकूर दुसरीकडे नेण्याचा. पहिल्या डिजिटल डायऱ्या संगणकास जोडावयाच्या तर वेगळी तार व वेगळी प्रणाली विकत घ्यावी लागे. बहुतेक लोक ती घेत नसत. पायलटबरोबर मात्र एक बैठक मिळे. यंत्र तीत ठेवून एक कळ दाबली की यंत्रातील व संगणकातील नोंदी परस्परांशी जुळविल्या जात. हॉकिन्स यांनी यंत्र तयार होण्यापूर्वी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात बाळगून त्याचा उपयोग अजमाविला, ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. परंतु पामच्या यशाचे खरे कारण या बैठकीत शोधावे असे वाटते. तिने पहिल्या प्रश्नाचा काच पुष्कळ सैल केला. सेल संपून यंत्र कोरे झाले तरी बैठकीत ठेवताच सर्व मजकूर परत येई. शार्प व कॅसिओच्या पुस्तिकांनी सांगितलेली वेगळी प्रत आता आपोआप तयार होऊ लागली.

याचा परिणाम दूरगामी झाला. मूळ नोंद कोणती आणि प्रत कोणती, हा भेदच राहिला नाही. किंबहुना खिशातील यंत्र हीच प्रत झाली आणि मूळ नोंद संगणकाकडे गेली. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांत देवघेव व्हावी म्हणून व्हीकार्ड व व्हीकॅलेंडर हे सामाईक नमुने १९९६ च्या सुमारास आकारास आले आणि १९९८ मध्ये आयकॅलेंडर हे मानक प्रसिद्ध झाले. यंत्रे गेली, पण हे नमुने टिकले. आजचे दूरध्वनीही पत्ते व तारखा याच रूपांत पाठवितात. पुढे संगणकाचीही मध्यस्थी सुटली आणि नोंदी सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांच्या दूरस्थ संगणकांवर राहू लागल्या. पामची मालकी २०१० मध्ये ह्यूलेट-पॅकार्डकडे गेली व २०११ मध्ये त्या कंपनीने ही यंत्रे बंद केल्याचे जाहीर केले, तेव्हा हे स्थित्यंतर पुरे झाले होते.

५

या विवेचनातून आपल्या कामापुरते काय निष्पन्न होते? पेशवे दप्तरातील रोजकीर्दी आज वाचता येतात, कारण त्या लिहिणाऱ्यांच्या पश्चात कोणी काही न करताही कागद व शाई टिकून राहिली. डिजिटल डायरीतील नोंदीस ही सवलत नाही. १९८५ ते २००५ या कालखंडातील उद्योजक, डॉक्टर, पत्रकार किंवा राजकीय कार्यकर्ते यांची खाजगी कागदपत्रे आता हळूहळू संग्रहालयांकडे व विद्यापीठांकडे येऊ लागतील. कोण कोणास केव्हा भेटले, कोणाचा पत्ता कोणापाशी होता, हे सांगणारा पुष्कळसा मजकूर अशा यंत्रांत गेलेला असणार. या संग्रहांत मध्येच वह्या बंद झालेल्या दिसल्या, तर लेखनाची सवय सुटली असा निष्कर्ष घाईने काढू नये; नोंदी यंत्रात गेल्या असण्याचा संभव प्रथम तपासावा.

अशा संग्रहाचा स्वीकार करताना ग्राहकांचे तेच तीन प्रश्न विचारणे श्रेयस्कर होईल. यंत्राची स्मृती कोणत्या जातीची? रॅम जातीचे व वर्षानुवर्षे कपाटात पडलेले यंत्र बहुधा कोरेच निघेल. त्याच्या दुरुस्तीवर खर्च करण्याआधी त्या व्यक्तीच्या जुन्या संगणकाची तबकडी मागून घ्यावी, कारण तारखा, पत्ते, कामे व टिपणे यांच्या धारिका तेथे सापडण्याची शक्यता अधिक. सायनची डबी असेल तर ती प्रखर प्रकाशापासून दूर ठेवावी. तीत चालू नोंदींबरोबर रद्द केलेल्या नोंदीही वाचावयास मिळू शकतात. मजकूर कोणत्या लिपीत आहे? मराठी नावे रोमन अक्षरांत, संक्षेपाने व अनेक प्रकारांनी लिहिलेली आढळतील. त्यांची ओळख पटविण्यास त्या वर्तुळातील हयात माणसांचे साहाय्य घ्यावे व ते आताच घ्यावे. आणि मजकूर दुसरीकडे गेला असल्यास तो कोठे? शेवटची जुळणी ज्या संगणकाशी किंवा ज्या सेवेशी झाली, तिचा तपशील कुटुंबीयांकडून लिहून घ्यावा.

हे काम ग्रंथपालांवर सोडून देण्यासारखे नाही. साधनाची पारख ही इतिहासकाराची जबाबदारी होय, आणि येथे साधन नष्ट होण्याचा वेग कागदाला लागणाऱ्या वाळवीपेक्षा पुष्कळच अधिक आहे. विभागातील संशोधक विद्यार्थ्यांनी मुलाखतीच्या प्रश्नावलीत एवढा एक प्रश्न जरी वाढविला, की त्या वर्षांत आपण भेटी व पत्ते कशात लिहून ठेवीत होता, तरी अनेक नोंदी वेळीच हाती लागतील.