पवनारची दिवाळी आणि आईंचा कागद



दिवाळीच्या पहाटे निर्वाण लाडू चढवून घरी आलो की आमच्या आई, म्हणजे सासूबाई, दरवर्षी एकदा तरी म्हणतात, "विनोबा आजच्याच दिवशी गेले गं." १५ नोव्हेंबर १९८२ ला दिवाळी होती, महावीरांचा निर्वाण दिवस. यंदा त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "माझंही लिहून ठेव."

धंतोलीत राहणाऱ्यांना हे सांगायला नको. आमच्या गल्लीत घरं कमी, दवाखाने जास्त. मामंजी अशाच एका दवाखान्यात अकरा दिवस मशीनवर होते. त्यांना काय हवं होतं, हे कोणीच कधी विचारलं नव्हतं. मोठे भाऊजी एक म्हणत, वन्सं दुसरं. आईंना तर कोणी विचारलंसुद्धा नाही. कानाशी णमोकार म्हणायचा राहून गेला, तो सल त्यांच्या मनात अजून आहे.

पवनार नागपूरहून फार लांब नाही. वर्ध्याच्या अलीकडे, धाम नदीच्या काठी. तिथे विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, मुख्यतः बहिणींसाठी. महावीरांबद्दल त्यांना किती ओढ होती! 'समणसुत्तं' झालं ते त्यांच्याच आग्रहाने. १९७४ मध्ये, २५०० व्या निर्वाण वर्षाच्या वेळी, आपल्या सगळ्या पंथांनी मिळून ७५६ गाथा मान्य केल्या. आपण एरवी कशावर एकमत होतो ते तुम्हाला माहीतच आहे!

नोव्हेंबर १९८२ च्या सुरुवातीला विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. वय ८७. उपचार झाले, पण काही दिवसांनी त्यांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारलं. आश्रमाने त्यांना दवाखान्यात हलवलं नाही. मला यात मोठेपणा बहिणींचा जास्त वाटतो. आपलं माणूस समोर असताना चमचाभर पाणीही पुढे न करणं सोपं आहे का?

त्याआधी १९५५ मध्ये कुंथलगिरीला आचार्य शांतिसागर महाराजांची ३६ दिवसांची सल्लेखना झाली. नजर गेली, जीव वाचवून चालणं जमेना, म्हणून त्यांनी ती घेतली. १० ऑगस्ट २०१५ ला राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा बेकायदा ठरवला आणि त्याच महिन्यात ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. आपण मूक मोर्चे काढले होते, आठवतं?

पण आईंनी मागितलं ते वेगळं. व्रत गुरूंच्या आज्ञेने घेतात. त्यांना फक्त मशीन नको आहे. त्याची वाट मुंबईच्या अरुणा शानबाग यांच्या खटल्यातून निघाली. केईएममधल्या या परिचारिका १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. २०११ चा निकाल त्यांच्याबाबतचा. पुढे ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने इच्छापत्र आधीच लिहून ठेवायला मान्यता दिली. आधी ते न्यायदंडाधिकाऱ्यापुढे करावं लागे, म्हणून कोण करणार? २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. हा कागद बरं होण्याची आशा नसेल आणि स्वतः सांगता येत नसेल तेव्हाच लागू होतो. तेव्हाही तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं बघतात. आणि शुद्धीत असेपर्यंत तो केव्हाही लेखी रद्द करता येतो, हे ऐकल्यावर आई निर्धास्त झाल्या.

आपल्या वतीने बोलणारं माणूस त्यात नेमावं लागतं. मी मुलाचं नाव लिहायला घेतलं, तर म्हणाल्या, "तो रडत बसेल. तुझं लिही." मग आणखी सांगितलं: पाणी तोंडाने गेलं तर द्यायचं, नळीने नको. दुखलं तर औषध द्यायचं. णमोकार मोबाईलवर लावायचा नाही, कोणीतरी बसून म्हणायचा.

ह्यांनी कागद वाचला आणि काही न बोलता गॅलरीत जाऊन उभे राहिले. रात्री मात्र स्वतःच विचारलं, "साक्षीदार कोण?" साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे असावेत. समोरच्या काकू तयार आहेत. दुसरा अजून शोधतोय.